सायनाइडच्या टाकीत कोकम

माझी आई मला रोज संध्याकाळी पायरीवरच अडवते. "हात धुतलंस मगे?" हा तिचा प्रश्न. मी मालवणहून कुडाळला कामाला जायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं तो विचारला, आणि आता माझ्या केसांत पांढरं दिसायला लागलं तरी तो काही सुटलेला नाही. कारखान्यात न्हाणी आहे, साबण आहे, मी कपडे बदलूनच निघते, हे सगळं सांगून झालं. तिच्या डोक्यात एकच बसलंय की मुलगी विखात काम करते. टीव्हीवरच्या एखाद्या मालिकेत कुणीतरी कुणाच्या कॉफीत सायनाइड घालतं आणि पिणारा कप खाली ठेवायच्या आत आडवा होतो. तसं काही बघितलं की जेवताना आईची नजर माझ्या नखांवर असते.

खरं म्हणजे मी वीख संपवायचं काम करते. पण हा फरक आईला पटवण्यापेक्षा हात दाखवणं सोपं, म्हणून मी दाखवते. कधी कधी चिडून दाखवते. माझा स्वभाव तसा तापटच आहे.

कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत आमचं लहानसं प्लेटिंगचं युनिट आहे. नळाच्या तोट्या, दारांच्या कड्या, कपाटांच्या मुठी असा जस्ताचा ओतीव माल येतो आणि आमच्याकडून चकचकीत होऊन जातो. जस्तावर निकेल थेट धरत नाही. आधी तांब्याचा पातळ थर द्यावा लागतो, आणि तो नीट बसायला तांब्याच्या हौदात सायनाइड लागतं. हौदातून काढलेला माल पाण्यात धुतात, आणि ते धुवण एका उघड्या चरातून शेडच्या मागच्या बाजूला जमिनीत बांधलेल्या टाकीत येतं. ती टाकी माझी. कागदोपत्री मालकांची, पण तिच्यात काय पडतं, तिच्यातून काय बाहेर जातं आणि खालच्या ओढ्यावर पाणी प्यायला येणाऱ्या म्हशींचं काय होतं, हे माझ्या डोक्यावर.

काम स्वयंपाकासारखं आहे. क्रम चुकला की बिघडलं. आधी टाकीत कॉस्टिक सोडा घालायचा, म्हणजे पाणी आंबटाच्या अगदी उलट टोकाला जातं. मग हायपो, म्हणजे क्लोरीनचं जालीम पाणी, थोडं थोडं सोडत ढवळत राहायचं. मध्ये मध्ये स्टार्चच्या कागदाची पट्टी बुडवायची. ती निळी-काळी पडली म्हणजे क्लोरीन शिल्लक राहिलाय, त्याला खायला सायनाइड उरलेलं नाही. पण तेवढ्यावर हुश्श करायचं नाही. सायनाइडचं सायनेट झालेलं असतं. ते पुष्कळ सौम्य असलं तरी सोडून देण्यासारखं नाही. पहिली फेरी पुरी झाल्याची खात्री पटली की पाण्यातल्या सोड्याचा जोर जरा कमी करायचा आणि पुन्हा हायपो. या दुसऱ्या फेरीत त्याचे दोन वायू होतात, नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड, आणि बारीक बुडबुड्यांनी वर येऊन निघून जातात. आपण श्वासात घेतो त्या हवेतलेच ते. मी इतकी वर्षं हे करतेय, तरी ते बुडबुडे दिसले की मला अजून बरं वाटतं.

या सगळ्यात एक गोष्ट चुकूनही व्हायला नको. कच्च्या सायनाइडच्या पाण्यात ॲसिड पडता कामा नये. पडलं तर जो वायू सुटतो तो मालिकेतल्या कॉफीइतकाच झटपट असतो. त्याला कडू बदामाचा वास येतो म्हणतात, पण बऱ्याच माणसांच्या नाकाला तो जन्मतःच कळत नाही. माझ्या नाकाला कळतो की नाही हे मला माहीत नाही, आणि कळायची वेळ येऊ नये म्हणून मी दर रविवारी चर्चमध्ये मुद्दाम प्रार्थना करते.

म्हणून आमच्याकडे ॲसिडचं सगळं शेडच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्याचे पाइप पिवळे, त्याचा चर वेगळा, टाकी वेगळी. आणि सायनाइडच्या बाजूच्या भिंतीवर मी स्वतः स्टुलावर चढून लाल रंगानं लिहिलं होतं: "येथे ॲसिड आणू नये. प्राणास धोका." खाली कवटी काढली होती. ती कवटी सोललेल्या नारळासारखी दिसते असं सगळ्यांचं मत पडलं. मला राग आला होता, पण मजकूर तरी वाचणाऱ्याला समजेल असा आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

जिनं तो मजकूर सगळ्यात मनापासून वाचला ती म्हणजे काकी. काकी आमच्याकडे माल रॅकवर टांगायचं काम करते. एकेक कडी तारेच्या आकड्यात अडकवायची, की हौदात ती सगळीकडून सारखी न्हाऊन निघते. काकीच्या हातची कडी कधी हौदात गळून पडत नाही. आतल्या एका गावात तिची भातशेती आहे, थोडे काजू आहेत, चार रातांब्याची, म्हणजे कोकमाची, झाडं आहेत. त्या रातांब्यांचं आगळ ती दर मे महिन्यात करते, फळं मिठात घालून सुटलेला तो लालभडक आंबट रस, आणि वर्षभर आमच्या जेवणाच्या सुट्टीत सोलकढी असते. एकदा ती सोलकढी माझ्या पांढऱ्या कोटावर सांडली. मी लगेच साबण घ्यायला धावले, तर काकी ओरडली, "साबण लावू नको गो बाय, हिरवो जातलो डाग. आधी साध्या पाण्यान धू." मला हसू आलं, कारण माझ्या पहिल्या कम्युनियनच्या पांढऱ्या फ्रॉकवर हेच झालं होतं. आईनं कोकमाच्या डागावर साबण चोळला आणि लाल डागाचा हिरवट-काळा झाला. आईनं त्या दिवशी जो आवाज काढला तो पाद्रींपर्यंत पोचला असणार. कोकमाचा रंग आंबटात लाल राहतो आणि साबणासारख्या उलट गोष्टीत हिरवा होतो, हे रसायनशास्त्र मी कॉलेजात जायच्या आधी फ्रॉकवर शिकले.

आता ज्या दिवसाबद्दल सांगायचंय तो दिवस. दिवाळी होऊन गेली होती आणि काकीच्या गावच्या रामेश्वराची जत्रा तोंडावर आली होती. जत्रेआधी देवळातल्या समया घासून लख्ख करायचा मान काकीच्या घराचा. काम नव्हे, मान. आधी तिची सासू करायची, आता ती करते, आणि दुसऱ्या कुणी त्या समयांना हात लावलेला तिला खपत नाही. पण समया जुन्या, उंच, नक्षीत तेलकाजळीचे थर बसलेले, आणि काकीचा खांदा त्या वर्षी धरला होता. तेव्हा मालकांनीच सुचवलं की इथे घेऊन या, घासून झाल्या की आपल्या बफिंगच्या चाकावर फिरवून देऊ. काकीला ते पटलं. सकाळी ती टेम्पोतून समया घेऊन आली, धुतलेल्या लुगड्यात गुंडाळलेल्या. अंगावर चांगली साडी, अंबाड्यावर आबोलीचा ताजा वळेसार, म्हणजे गजरा. देवाच्या वस्तूला हात लावायचा म्हणजे न्हाऊनमाखूनच. येताना तिनं एक प्लास्टिकचा कॅनही आणला होता. त्यात काय आहे ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही तेव्हा वाटण्यासारखं काही नव्हतं. काकीच्या हातात कॅन नेहमीच असतो.

आमचा सुपरवायझर घाटावरचा आहे. स्वभावानं चांगला, पण इथल्या बायकांशी कसं बोलावं ते त्याला अजून जमत नाही. तो म्हणाला, "घासताय कशाला काकी, क्षणभर ॲसिडमध्ये बुडवून काढतो, आरशासारख्या होतील."

"देवाच्या समयांका ॲसिड?" काकीचा आवाज चढला. "तुझ्या घरची समई बुडव आधी!"

बाकीच्या बायकाही तिच्या बाजूनं बोलल्या आणि सुपरवायझर कान खाजवत चहाला गेला. हे मी ऐकलं आणि आपल्या कामाला लागले. त्या दिवशी माझ्यासमोर टाकी भरून उभी होती. आदल्या आठवड्यातला हायपो उन्हानं मेला होता. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याचा जोर उतरतो, आणि जोर उतरलेल्या हायपोनं अर्धवट काम करण्यापेक्षा थांबलेलं बरं. त्यामुळे टाकीत कच्चं पाणी साठलं होतं, नेहमीपेक्षा जास्त. सकाळी मी कॉस्टिक घातला. दमट हवेनं गोणीत त्याचे गठ्ठे झाले होते, ते फोडून घातले. विरघळला की आंबटपणाची पट्टी बुडवून बघू म्हणून ढवळणी चालू ठेवली. तेवढ्यात फाटकावरून निरोप आला की नव्या हायपोची गाडी आलीय. माल उतरवून घेण्याआधी त्याचा जोर तपासायचा असतो, नाहीतर पुन्हा मेलेलाच पदरात पडतो. म्हणून मी फाटकाकडे गेले.

परत आले तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती, यंत्रं बंद होती. शेडच्या मागून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. माझ्या बाजूनं.

माल धुवायच्या हौदाशेजारी आमच्याकडे नळ असलेला एक फरशीचा कट्टा आहे. त्या कट्ट्यावर समया ओळीनं उभ्या होत्या, आणि काकी आणि दोघी बायका नारळाच्या काथ्यानं त्या घासत होत्या. कॅन उघडा होता. कट्ट्यावरून लाल पाणी खाली उतरत होतं आणि चरातून माझ्या टाकीकडे चाललं होतं.

मला ते आगळ आहे हे दिसताक्षणी कळलं. मालवणात वाढलेल्या माणसाला तो लाल रंग कळायला वेळ लागत नाही. पितळ घासायला जुनं आगळ, आमची आईही तेच वापरते. आणि दुसऱ्याच क्षणी आठवलं, आगळ म्हणजे निव्वळ ॲसिड. बाटलीवर कवटी नसलेलं, पण ॲसिड. आणि खाली कच्चं सायनाइड, आणि कॉस्टिक विरघळला की गठ्ठ्यांनी तसाच तळाशी बसला ते मी अजून बघितलेलं नव्हतं.

"नळ बंद करा! सगळी भायर चला! भायर!" मी ओरडले. दोघी दचकून उठल्या. त्यांना वाटलं, आवारात खाजगी काम केलं म्हणून मी चिडले. एकीनं नळ बंद केला, दोघी बाजूला झाल्या. काकी मात्र कट्ट्यावर नव्हती. ती टाकीच्या काठाशी होती, गुडघ्यावर बसलेली, वाकलेली.

"काकी, मागे हो!"

"थांब गो, मोर पडलो थंय," ती म्हणाली आणि आणखी वाकली. समईच्या टोकाला फिरकीचा पितळी मोर असतो, तो घासताना निसटून चरातून घरंगळत टाकीत गेला होता. देवाचा मोर. तो तिच्या हातून पडलेला. ती तो काढल्याशिवाय उठणार नव्हती, हे मला कळत होतं. तिचं तोंड पाण्यापासून हातभर अंतरावर होतं.

मी धावले आणि तिला धरून मागे ओढलं. हाताला अंबाडा लागला, तोच धरला. ती पाठीवर आपटली, मी तिच्यावर पडले, आणि मग तिच्या काखेत हात घालून तिला शेडच्या उघड्या बाजूला फरफटत नेलं, जिकडून वारा येत होता तिकडे. दम लागला होता, पण श्वास घ्यायची मला भीती वाटत होती. वास येतोय का? मला काही वास येत नव्हता. पण तो न येणं म्हणजे काय, हेच तर मला माहीत नव्हतं.

"येड लागला काय गो तुका?" काकी उठून बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. लागलं म्हणून नव्हे, चारचौघांत कुणी केस धरून ओढलं म्हणून. "ॲसिड खंय आसा? ह्या आगळ! आमच्या घरचा!"

"आगळच गो काकी, आगळच," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"तूच लिवलंस भिंतीर, हय ॲसिड हाडू नये म्हणान. म्हणान तर आमी हय इलंव. थंय सगळा ॲसिडाचा, देवाची समई थंय कशी धुवची?"

मी भिंतीकडे बघितलं. लाल अक्षरं, नारळासारखी कवटी. तिचं बरोबर होतं. माझ्या त्या पाटीनं तिला सांगितलं होतं की सबंध कारखान्यात ही एकच जागा ॲसिडाच्या विटाळापासून लांब आहे. देवाच्या वस्तूसाठी तिनं तीच निवडली. पाटी न वाचणारी बाई असती तर ती समया घेऊन बाहेरच्या नळावर गेली असती.

आणि मग मी टाकीकडे बघितलं. लांबूनच. चराच्या तोंडाशी उरलेला रस अजून थेंब थेंब गळत होता. चरात तो लाल होता. टाकीतल्या पाण्याला लागला की हिरवा होत होता.

मी डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं. हिरवा. अगदी माझ्या फ्रॉकवरचा हिरवा. चराखालच्या पाण्यावर हिरवट ढग पसरला होता आणि लालाचा एक ठिपकाही त्यात टिकत नव्हता. म्हणजे कॉस्टिक विरघळला होता, पाणी साबणाच्या बाजूला घट्ट उभं होतं, आणि कॅनभर आगळानं त्याचं काही वाकडं झालं नव्हतं. वायू सुटला नव्हता. काकी जिवंत होती, त्या दोघी होत्या, मी होते.

 मी तिथेच जमिनीवर बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडायला लागले, आणि दोन्ही एकदम चालू राहिलं. बायका माझ्याकडे बघत होत्या. सुपरवायझर चहाचा कप घेऊनच धावत आला. मी त्याला कपाटातला मास्क आणायला सांगितलं, आणि वारा पाठीशी घेऊन, लांब दांडीला आंबटपणाची पट्टी बांधून टाकीत बुडवली. पट्टी गडद निळी झाली, म्हणजे पाणी आंबटाच्या पार उलट. मला आधीच माहीत होतं. पण माहीत असलेली गोष्ट पुन्हा डोळ्यांनी बघण्यातही केवढं सुख असतं.

मग हाताकडे लक्ष गेलं तेव्हा दिसलं की बोटांत काकीचा वळेसार अडकलाय. तुटलेला, चुरगळलेला, आबोलीच्या पाकळ्या माझ्या घामाला चिकटलेल्या. मी तो तिला द्यायला गेले तर तिनं तोंड फिरवलं.

 मी टाकीला लागले. नवा हायपो चांगला निघाला. सोडायला लागले तसा टाकीतला हिरवा रंग आधी पिवळट, मग फिका होत गेला. मात्र त्या दिवशी हायपो नेहमीपेक्षा कितीतरी जास्त लागला, कारण सायनाइडच्या जोडीनं आगळही त्याच्यावर ताव मारत होतं. स्टार्चची पट्टी निळी व्हायलाच तयार नाही. मी ढवळत होते, पट्ट्या बुडवत होते, आणि एरवी ज्याला कंटाळले असते ते सगळं त्या दुपारी मला फार गोड लागत होतं. शेवटी पट्टी काळीनिळी पडली. मग दुसरी फेरी, मग बुडबुडे. पाणी गाळणीतून पुढे सोडायच्या आधी तपासणी केली, आणि सायनाइडचा मागमूस उरला नव्हता.

बुडबुडे चालू असतानाच काकी माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. 

"ह्या काय जाता?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. सायनाइड काय करतं, ॲसिड पडलं तर काय होतं, आगळ ॲसिड कसं, पाणी हिरवं झालं म्हणून आपण कशा वाचलो. कुणालाही सांगताना मी घाई करते, त्या दिवशी केली नाही.

"आगळ म्हणजे ॲसिड, ह्या माका कोणी सांगूक नाय," ती म्हणाली. "आमी ता पितंव गो!"

"माझाच चुकला काकी. लिवताना माका कोकमाचा नावच सुचूक नाय."

 टाकीकडे, मग चराकडे, मग आपण गुडघे टेकले होते त्या जागेकडे तिनं बघितलं. "आणि हिरवा नाय झाला असता तर?"

मी भिंतीवरच्या कवटीकडे बोट दाखवलं. तिला तेवढं पुरलं.

"ता तुका धावताना म्हायत होता?"

"खंयचा म्हायत? हिरवा मी मगे बघलंय."

"मगे धावलंस कित्याक थंय?"

 खरंच सांगते, तोपर्यंत ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी स्वतःच शिकवते की अशा वेळी मास्कशिवाय जवळ जायचं नाही, पडलेल्याला ओढायला गेलेला दुसराही पडतो. दर सहा महिन्यांनी सगळ्यांना उभं करून हे शिकवते. काकीही त्यात असते, आणि तिला ते पाठ असणार. तिनं माझ्याकडे असं काही बघितलं की मी ढवळणीचा दांडा पुसायला घेतला. मग तिनं पदरानं माझं कपाळ पुसलं, जरा खसखसूनच, आणि म्हणाली, "वळेसार मात्र दिवक व्हयो हां माका. ताजो."

मोर गाळात मिळाला. जाळीनं गाळ उपसताना तो वर आला तो झळझळत, कारण सायनाइडनं त्याची सगळी काजळी आणि गंज खाऊन टाकला होता. आगळानं घासलेल्या समया त्याच्यापुढे मंद दिसत होत्या. सुपरवायझर हसायला लागला, आणि मी त्याच्याकडे असं बघितलं की तो थांबला. मोर धुऊन, पुन्हा धुऊन, पुन्हा तपासून मी काकीच्या हातात दिला. मला वाटलं, आता हा देवाला चालेल की नाही यावर काहीतरी निघणार. गावात विचारावं लागेल, गुरवाला विचारावं लागेल. काकीनं मोर उजेडाकडे धरला, फिरवून बघितला आणि म्हणाली, "आमच्या रामेश्वराक वीख नवा नाय." विषय संपला.

पाटी मी दुसऱ्या दिवशी नवी लिहिली. काकी स्टूल धरून खाली उभी होती आणि सांगत होती. "हय आंबट कायच हाडू नको," अशी सुरुवात, आणि खाली कोकम, आगळ, चिंच, लिंबू, ताक. मी थांबले तर ती म्हणाली, बिमलां लिही, आणि कच्चो आंबो. कच्चा आंबा कोण टाकीवर घेऊन येणार आहे, मी चिडून विचारलं. "आगळ तरी कोण हाडीत होता?" ती म्हणाली. मी कच्चा आंबा लिहिला. कवटी तशीच ठेवली.

ज्या दिवशी ते घडलं त्या संध्याकाळी आईनं नेहमीप्रमाणे मला पायरीवर अडवलं. "हात धुतलंस मगे?" मी खेकसले नाही. दोन्ही हात तिच्यासमोर धरले आणि ती बघेपर्यंत धरून ठेवले. तिनं ते उलटेसुलटे करून बघितले, नखांत अडकलेली आबोलीची एक पाकळी काढली आणि म्हणाली, "ह्या काय?" मी म्हटलं, कारखान्यात फुलं होती. काय झालं ते मी तिला आजतागायत सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.

जत्रेला काकीनं मला आग्रहानं बोलावलं. आमच्या घरच्यांना जत्रेचं वावडं नाही. जत्रेतलं गुळाचं खाजं आणायला तरी आम्ही जातोच. मी कुडाळला बाजारात आबोलीचा वळेसार घेतला, चांगला लांब, केळीच्या पानात बांधलेला. उन्हं उतरली होती. देवळात समया लावून झाल्या होत्या आणि मोर आपल्या जागी बसला होता, सगळ्यांत उजळ. काकी सभामंडपाच्या कडेला मला शोधत उभी होती. मी पुडी उघडली. ती माझ्याकडे पाठ करून पायरीवर बसली आणि मान वाकवली.

तिचा अंबाडा माझ्यासमोर होता, तेल लावून घट्ट बांधलेला, मानेवर घामाचे दोन थेंब. टाकीच्या काठावर ती अशीच वाकली होती. मी वळेसार गुंडाळला, पण पिन दोनदा हातातून पडली. काकीला ते कळलं असावं, कारण तिनं हात मागे आणून माझं मनगट धरलं आणि पिन लागेपर्यंत सोडलं नाही.

"आता ओडू नको हां," ती म्हणाली.